भिवसनचा माथा

मथुरा भोये भिवसनवरून खाली आली तेव्हा माझ्या घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. माझ्या तक्त्याप्रमाणे त्या वेळी कुठे ती माथ्यावर पोचायला हवी होती.

वाघबारीच्या खिंडीत जीप उभी करून, बॉनेटवर तक्ता पसरून मी बसलो होतो. तक्ता माझ्याच हातचा. शंभर मीटर चढाला अकरा मिनिटं, शंभर मीटर उताराला साडेचार, सपाटीचं वेगळं, पाणी प्यायचं वेगळं. वाघबारीतून भिवसन चढून उतरायला चोपन्न मिनिटं लागतात. ही बाई अडतीस मिनिटांत परत.

"पाणी द्या सर," ती म्हणाली.

मी बाटली दिली आणि तिला नीट न्याहाळलं. धाप लागली होती, पण भिवसन करून आलेल्या माणसाला लागते तेवढी नव्हती. पोटरीवर गवताचे ओरखडे होते. ओरखडे काय, झुडपाआड अर्धा तास बसलं तरी येतात.

"माथ्याला गेलीस?"

"गेले ना."

"अगदी वर?"

"वर म्हणजे वरच की सर."

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी बत्तीस वर्षं जमिनीच्या मोजणीत काढली. हद्दीचा दगड एका पावसाळ्यात चार हात सरकतो आणि दोन्ही शेजारी देवाची शपथ घेऊन सांगतात की आजोबांनी पुरला तो इथंच. अशा लोकांत आयुष्य गेल्यावर कुणाचं बोलणं एकदम खरं वाटत नाही. घरात मी पंचांगंसुद्धा दोन आणतो. दूधवाल्यानं चार दिवस दूध चांगलं घातलं की पाचव्या दिवशी मला शंका येते. सौ. म्हणायची, "तुम्हाला स्वर्गात नेलं तर आधी साखळी टाकून मोजाल."

'सात माथे' हा खेळ माझ्याच डोक्यातून निघालेला. आंबेपाड्याच्या आश्रमशाळेच्या मैदानावरून उन्हाच्या पहिल्या किरणाला निघायचं, भोवतीचे सात डोंगर करायचे आणि सूर्य बुडायच्या आत त्याच मैदानात परत यायचं. बेचाळीस किलोमीटर, आणि चढ मोजला तर तीन हजार मीटरच्या वर. मी चाळिशीत तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा भिवसनच्या पुढे गुडघ्यांनी दगा दिला. पुढे आमच्या नाशिकच्या गिरिभ्रमण मंडळातल्या चार पोरांनी तो पुरा केला. त्यांची नावं मंडळाच्या भिंतीवर लागली. प्रत्येकाला प्रशस्तिपत्र मिळालं आणि खाली माझी सही. साक्षीदार मी, मार्ग माझा, तक्ता माझा.

मथुरा मंडळाची नव्हती. ती आंबेपाड्याच्या त्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. वय सत्तावीस, शिक्षण बारावी. सकाळच्या भाकऱ्या झाल्या की ती शाळेतल्या पोरींना घेऊन मागच्या टेकडीवर पळायला जायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, पगारात ते धरलेलं नव्हतं. त्या वर्षी संस्थेनं खेळाच्या शिक्षकाची जागा भरायची ठरवली, तेव्हा ती चेअरमनांकडे गेली. ते म्हणाले, पळतेस ते दिसतंय, पण कागद कुठाय?

म्हणून ती एस.टी.नं नाशिकला मंडळात आली. माझ्यासमोर बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"सर, जागा एकच हाये. कागद मिळाला तर पोरींना मैदानात घेऊन जाईन. नाय तर चूल हायेच."

मी तिला नियम सांगितले. वाट कुठलीही धरा, पण माथे सातही झाले पाहिजेत. माथा म्हणजे जिथून पुढं चढायला काही उरत नाही ती जागा. तिनं मान हलवली. तेव्हाच मला वाटलं, ही जरा लवकरच हो म्हणतेय.

त्या दिवशी, डिसेंबरातल्या त्या रविवारी, मी सगळी तयारी करून गेलो होतो. पाड्यावर चौकशी करताना कळलं होतं की तिला तिच्याच बांध्याची एक चुलतबहीण आहे. तेव्हा सकाळी निघायच्या आधी मी तिचा हात मागितला आणि मनगटावर शाईच्या पेनानं माझी सही केली.

"ही कशाला?"

"नियम आहे."

तसा नियम नव्हता. तो मी त्याच सकाळी केला होता.

पहिले दोन माथे तिनं इतक्या सावकाश केले की मला वाटलं, तिसऱ्याला घरी जाईल. तक्त्याच्या एकोणीस मिनिटं मागे. मी पहिल्या खिंडीत तिला तसं बजावलं. ती चढाला पळतच नव्हती, मांडीवर हात टेकून एका लयीत चालत होती.

"सर, चढताना बोलता आलं पाहिजे," ती म्हणाली. "बोलता आलं नाय की समजायचं, संध्याकाळची भाकर सकाळीच खाल्ली."

तिसऱ्यापासून ती भरून काढायला लागली. उताराला ती पाय टाकायची तशी मी कुणाला टाकताना पाहिलेलं नाही. दगड कुठला हलणार ते तिला आधीच ठाऊक असल्यासारखं. चौथ्या माथ्यानंतर ती तक्त्याच्या बरोबर आली, पाचव्यानंतर सात मिनिटं पुढे. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र वाटत होतं, सकाळी मुद्दाम मागे राहिली असेल. माणूस आधी मागे राहतो तो पुढं काहीतरी करायचं असतं म्हणून.

पाचही माथ्यांवर मी तिला दुर्बिणीतून पाहिलं होतं. हे डोंगर असे आहेत की खालच्या रस्त्यावरून त्यांचे माथे स्वच्छ दिसतात. अपवाद फक्त भिवसनचा. वाघबारीतून निघालेली वाट सोंडेच्या पहिल्या वळणाला जी आड जाते ती माणूस परत येईपर्यंत दिसत नाही.

त्यावर मी माझा एक उपाय काढला होता. भिवसनवर मोजणीचा जुना सिमेंटचा खांब आहे. दर खेपेला, आदल्या दिवशी, मी स्वतः धापा टाकत वर जायचो आणि त्या खांबावर गेरूनं एक आकडा लिहून यायचो. दर वेळी नवा. धावणाऱ्याला याचा पत्ता नसायचा. तो खाली आला की सहज विचारल्यासारखं विचारायचं, वर काय दिसलं? खरा गेलेला असेल तर आकडा बोलणारच, कारण तो अवघ्या डोंगरावर एकच नवल. आमच्या चारही पोरांनी न विचारता सांगितला होता. या खेपेचा आकडा होता सत्तेचाळीस.

"वर काय काय दिसलं गं?" मी मथुराला विचारलं. बाटलीचं झाकण हातात फिरवत, दुसरीकडे बघत.

"वारा लई हाये. धरणाचं पाणी दिसतं पार तिकडपर्यंत. देवाला हात लावला."

"आणि?"

"आणि काय? उतरले."

"खांब?"

"कसला खांब?"

"सिमेंटचा. छातीइतका उंच."

तिनं खरंच आठवून पाहिल्यासारखं केलं. "नाय सर. वर खांब नाय. देव हाये."

"देव काय, सगळ्याच डोंगरांवर असतो."

मला त्या क्षणी मनातून बरं वाटलं, हे कबूल करतो. दिवसभर जे हुंगत होतो ते सापडलं होतं. मोजणीत हा क्षण यायचा, दगडाखालची ताजी माती दिसली की.

"गेलीस कुठून तू?"

"मागच्या नाळेतून, ती घळ हाये ना. सोंडेनं लई लांब पडतं, वळसा हाये."

"नाळेतून भिवसनला वाट नाही."

"हाये ना सर. चैत्रात आम्ही देवाला जातो ती."

"माझ्या नकाशात नाही."

नकाशात नाही म्हटल्यावर तिनं काय बोलावं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. तिचा चेहरा मात्र बदलला. मी विश्वास ठेवत नाही हे तिला आत्ता कळलं होतं.

"तो खांब कुठं हाये सांगा," ती म्हणाली. "आत्ता जाऊन हात लावून येते."

मी घड्याळ पाहिलं. दोन अकरा. पुन्हा वर जाऊन आली असती तर तीन वाजले असते. सातवा डोंगर सगळ्यात लांबचा, आणि सूर्य सहाच्या आत बुडणार. तरी तिच्या पायांना ते जमलं असतं की काय, अशी एक धास्ती मला वाटली. खांब सोंडेच्या टोकाला आहे, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं.

"जो माथ्याला जातो त्याला खांब विचारावा लागत नाही," मी म्हणालो.

बाटली तिनं बॉनेटवर, तक्त्याच्या कोपऱ्यावर ठेवली.

"मी गेले होते सर. तुम्ही लिहून घ्या." आणि ती सातव्याच्या वाटेला लागली.

मी लिहून घेतलं नाही. भिवसनपुढे फुली मारली आणि जीप काढली.

सातव्या माथ्यावर ती मला दुर्बिणीतून दिसली, आणि पाच चोवीसला आंबेपाड्याच्या मैदानात आली. ऊन अजून शाळेच्या पत्र्यावर होतं. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला शाळेच्या पोरी तिच्या मागं धावत आल्या होत्या, अनवाणी, दहा-बारा जणी, आणि मैदानात पोचल्यावर त्या टाळ्या वाजवायला थांबल्या, पण मथुरा थांबलीच नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झाले सात," ती म्हणाली.

"सहा झाले."

"भिवसन?"

"भिवसन मला पटलेलं नाही."

"तुम्हाला पटलं नाय म्हणून मी गेले नाय?"

मी तिला समजावून सांगितलं. आवाज न चढवता, मोजणीत समजवायचो तसं. वेळ जुळत नाही, वाट नकाशात नाही, खांब दिसला नाही. तीन गोष्टी. अशानं सही होणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न कर. पोरी आमच्याभोवती उभ्या होत्या. एकीनं मथुराचा ओढणीचा शेव धरून ठेवला होता.

मथुरानं मनगट माझ्यापुढं धरलं. घामानं शाई पसरली होती तरी सही वाचता येत होती.

"ही तर केली," ती म्हणाली.

मी कागद पिशवीत घातले आणि नाशिकला आलो.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण संशयी माणसाची एक पंचाईत असते. त्याला नुसतं पटून भागत नाही, पुरावा लागतो. मंडळात दोघा-तिघांनी विचारलं, अहो, पण वाट नसेलच कशावरून? तेव्हा मी ठरवलं, जावं आणि त्या नसलेल्या नाळेचे फोटोच काढून आणावेत.

जानेवारीच्या चार तारखेला सकाळी मी वाघबारीत जीप लावली. सोंडेच्या पहिल्या वळणामागं गुरांचा एक पडका गोठा आहे. त्याच्या मागं करवंदीच्या जाळीत नाळेचं तोंड होतं. आत शिरलो तर दगडात पायऱ्यांसारख्या खोबण्या. किती पिढ्यांच्या पायांनी झाल्या असतील कोण जाणे, घासून गुळगुळीत झालेल्या. वाट इतकी सरळ वर जात होती की माझ्यासारखा अठ्ठावन्न वर्षांचा माणूसही पाऊण तासात माथ्यावर आला.

तिथं शेंदूर लावलेला एक दगड होता. नारळाच्या करवंट्या होत्या, वाऱ्यानं फाटलेलं एक निशाण होतं. धरणाचं पाणी पार तिकडपर्यंत दिसत होतं. आणि समोर, कारवीच्या झुडपांनी भरलेल्या खोलगट भागापलीकडे, मुद्दाम शोधला तरच दिसणारा माझा खांब. त्यावरचा सत्तेचाळीस दुर्बिणीतून वाचता येत होता.

मी खाली बघून तो वाचत होतो.

पिशवीत माझी छोटी पाणसळ, समपातळीची रेषा दाखवणारी नळी, नेहमी असते. काढली, डोळ्याला लावली. खांबाचं टोक रेषेच्या बरंच खाली. पाणसळ बिघडली असेल म्हणून उलटी धरून पाहिलं. दगडावर बसून पाहिलं, पोटावर पालथा पडून पाहिलं. खांब माझ्यापेक्षा दोन पुरुष खाली होता. खांबाकडून बघताना ही जागा कारवीच्या आड एक बुटका उंचवटा वाटते, मी कितीदा पाहिली असेल, कधी तिकडे वळलो नाही. खांब सगळ्यात उंच जागी रोवतातच असं नाही. जिथून बाकीचे डोंगर नजरेच्या रेषेत येतात तिथं रोवतात. खात्यात नव्यानं आलेल्या पोरांना मी हे स्वतः शिकवायचो. आणि नकाशावर खांबाच्या खुणेचा त्रिकोण दिसला म्हणून तीस वर्षं मी त्याला माथा समजत आलो होतो.

म्हणजे आमची चारही पोरं भिवसनला गेली नव्हती. मीही कधी गेलो नव्हतो. सातही माथे एकाच माणसानं केले होते, आणि त्याच माणसाच्या नावापुढं मी फुली मारली होती.

मला लाज वाटली. रडू यावं इतकी वाटली, आणि तिथं वर बघणारं कुणी नसल्यानं ते आलंही. मग मी भराभर उतरलो. जीपमध्ये कोरी प्रशस्तिपत्रं होती. बॉनेटवर ठेवून एकावर तिचं पूर्ण नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली आणि थेट आंबेपाडा गाठलं.

मथुरा स्वयंपाकघरात होती. पत्र्याची शेड, दोन मोठ्या चुली, आणि ती परातीपुढं बसून भाकऱ्या थापत होती. बाहेर मैदानावरून शिट्टीचा आवाज येत होता.

"या सर," ती उठत म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता, त्याचं मला ओझं वाटलं.

"बस, उठू नकोस. मी भिवसनला जाऊन आलो. नाळेतून." मी कागद पुढं केला. "तुझं बरोबर होतं. खांब माथ्यावर नाहीच. हे घे."

"हाताला पीठ हाये. तिथं डब्यावर ठेवा."

मी ठेवलं. ती वाकून वाचू लागली. सावकाश, सहीपर्यंत. मग पुन्हा परातीपुढं बसली.

"जागा भरली सर," ती म्हणाली. "एक तारखेला नवे सर आले."

"कोण?"

"दाबके सर. नाशिकचे, तुमच्याच मंडळातले. चेअरमन म्हणाले, त्यांच्याकडं सात माथ्याचा कागद हाये."

मी शेडच्या दारातून बाहेर पाहिलं. मैदानात निनाद दाबके गळ्यात शिट्टी घालून उभा होता. दोन वर्षांपूर्वी वाघबारीत यानं मला आकडा सांगितला होता, एकतीस, आणि मी त्याची पाठ थोपटून तिथल्या तिथं सही ठोकली होती. पोरी रांगेत उभ्या राहून जागच्या जागी पाय उचलत होत्या. शिट्टी वाजेल तसे.

"सर," मथुरा म्हणाली. "चेअरमन आत्ता ऑफिसातच हायेत. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलं तेच."

ऑफिस त्या शेडपासून चाळीस पावलांवर होतं. दार उघडं होतं, आतला पंखा दिसत होता. आत जाऊन सांगायचं एवढंच, की त्या कागदावरची सही चुकीची आहे. मग चेअरमन विचारणार, आणि बाकीच्या तीन? आणि मंडळात विचारतील, आणि भिंतीवरची नावं? आणि कुणीतरी म्हणेलच, बत्तीस वर्षं यानं लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यांचं काय? मी ते सगळं चाळीस पावलं टाकायच्या आत मोजून पाहिलं.

"बघतो," मी म्हणालो.

मथुरानं माझ्याकडे पाहिलं. अडतीस मिनिटांच्या तिच्या खऱ्यावर मी दिवसभर विश्वास ठेवला नव्हता. माझा एक शब्द खोटा आहे हे ओळखायला तिला भाकरी उलटण्याइतकाही वेळ लागला नाही.

"बसा सर," ती म्हणाली. "उन्हातनं आलात. चहा टाकते."

याला आता अकरा वर्षं झाली. ऑफिसकडं मी त्या दिवशी गेलो नाही आणि नंतरही गेलो नाही. तिनं चहा केला, आधी मला दिला, मग उरलेल्या भाकऱ्या थापायला बसली. मी तो सगळा प्यायलो, कप विसळून पालथा घातला आणि निघालो.